एक साइझ मोठं

घरमालकानं घर विकायला काढलं. नवं घर मिळेपर्यंत श्रीनाथला सामान कुठेतरी ठेवायचं होतं. त्याच्या मित्रानं, धैर्यशीलनं त्याला "आमचं गॅरेज फुल आहे रे" म्हणून सांगितलं आणि न्यूझीलंडमधल्या टौरंगा शहरातल्या, सामानासाठी खोल्या भाड्यानं देणाऱ्या एका स्टोरेजच्या ऑफिसात नेलं.

"भाडं महिन्याचं. बॉन्ड म्हणजे अनामत रक्कम, इन्शुरन्स आणि कुलूप वेगळं," काउंटरवरची बाई म्हणाली.

श्रीनाथनं कार्ड पुढे केलं. धैर्यशील खाली बघत राहिला. त्याच्या गॅरेजमध्ये मुलींच्या दोन सायकली तेवढ्या होत्या. दुसऱ्याची अडगळ नको, म्हणून तो खोटं बोलला होता.

बाहेर आल्यावर श्रीनाथ म्हणाला, "एक साइझ मोठं युनिट घेतलंय. तुझ्याकडेही अडचण होतेय ना? त्यातलं थोडं इथे आणून ठेव."