पुराव्याचा रकाना

डोळखांबच्या वरच्या पाड्यावर वनहक्काची मोजणी करायला साहेब आला. जीपीएसचं यंत्र हातात धरून हद्दीवरून चालायचं होतं. दावा केलेल्या देवकीच्या अंगणातून निघून कड्याच्या धारेने जायचं आणि दोन पाड्यांतून फिरून पुन्हा अंगणात यायचं.

"देवकीबाई, तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, याला पुरावा काय?"

"आदी फेरी तर होऊ द्या, साहेब."

कड्यावर पोचले आणि धुकं उतरलं. साहेबाला स्वतःचे बूट दिसेनात. तो परत फिरू म्हणाला. देवकीने आपल्या काठीचं टोक त्याच्या हातात दिलं आणि ती चालत राहिली.

"आता उंबर येल. त्याला हात लावून डावीकडं वळा. फुडं एक दगड हलतो, त्याच्यावर पाय देऊ नका."

उंबर आला. दगड साहेबाने बुटाने चाचपला, तो खरंच हलत होता.

दुपारी दोघं अंगणात पोचले तेव्हा धुकं फाटलं. साहेबाने वर पाहिलं. आपण चाललो ती वाट जेमतेम हातभर होती आणि तिच्याखाली सरळ दरी. तो मटकन ओट्यावर बसला. तांब्याभर पाणी प्याला. मग फॉर्म उघडला. पुराव्याचा रकाना कोराच होता.

"लिवा," देवकी म्हणाली, "साहेब परत आला."