बाबाच्या पुस्तकातले हात

या पुस्तकात चित्रकाराने अगदी जीव ओतला होता. गोष्टीतली मुलगी चंद्राशी, गोगलगायीशी, पावसाच्या थेंबाशीसुद्धा हातांच्या खुणांनी बोलते. एकेका खुणेसाठी त्याने बायकोच्या हातांचे ढीगभर फोटो काढले होते आणि करंगळीचा बाकसुद्धा चुकू दिला नव्हता. प्रकाशक तर म्हणाले, "अहो, तोंड नसलं तरी चालेल, तुमचे हे हातच बोलतात!"

पहिली प्रत त्याने सात वर्षांच्या लेकीच्या मांडीवर ठेवली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पान उलटलं की ती त्यातली खूण स्वतःच्या हातांनी करून बघायची आणि खुदकन हसायची. शेवटच्या पानावर मात्र ती थबकली. बाबाकडे वळून तिने बोटांनी भराभर काहीतरी विचारलं.

त्याने सवयीने स्वयंपाकघराकडे हाक मारली, "अगं, ये गं जरा! काय म्हणतेय ही?"

खुणा शिकायचं तो इतकी वर्षं 'एवढं पुस्तक हातावेगळं होऊ दे' म्हणत पुढे ढकलत आला होता.

बायको ओले हात पुसत आली. लेकीने तिला तेच पुन्हा विचारलं.

"सांग की! आवडलं ना तिला?"



"ती विचारतेय, बाबाला एवढं सगळं बोलता येतं, मग तो माझ्याशीच का बोलत नाही?"