डाव्या कुशीत

ओला हरभरा खाऊन उकंडरावाच्या बैलाचं पोट डफासारखं फुगलं. बैल कोसळला, जीभ बाहेर आली. वाशिमला छकडा पाठवून ढोरांचा डाक्टर आणेपर्यंत तो टिकणार नव्हता. तेवढ्यात सून सोजरबाई सुरी घेऊन धावत आली.

"मामाजी, सरका! रवंथाचं पोट डाव्या अंगाले असते. तिथंच हवा कोंडली हाये!"

"मारतं काय व त्याले?"

तिनं डाव्या कुशीत सुरी खुपसली. फुस्सकन घाण हवा सुटली, चेंदलेला हरभरा तिच्या तोंडावर उडाला. पोट बसत गेलं. बैल धडपडत उठला, अन् उन्हं कलताना रवंथ करू लागला.

उकंडराव आनंदानं वेडाच झाला. "कुठी शिकली व पोरी? बोल ना, बोल!"

लग्नाला वर्ष झालं होतं. सुनेचा आवाज त्यानं आज पहिल्यांदाच ऐकला होता.