शिवीचा मान

सोनगीरच्या लिलाबाईची गाण्याची पार्टी लग्नात शिव्या द्यायला नावाजलेली होती. मुलीकडचे तिला बोलावत, ढोलकीवर थाप पडे आणि ती वराकडच्या एकेकाचं नाव घेऊन त्याला गाण्यात भाजून काढी. लोक टेपरेकॉर्डर घेऊन पुढे बसत. ज्याला शिवी मिळे, तो खरा सोयरा म्हणून गावभर मिरवे.

पुतण्याच्या लग्नाला कौतिक निघाला, तेव्हा बायको कडाडली, “बांधना भांडणमा मोठा भाऊनी तुमनं डोकं फोडं. आते काय शिव्या खावाले जातस?”

“शिव्या खावालेच जास,” तो म्हणाला. “भाऊ मानत व्हई, ते मन्हं बी नाव येई.”

मांडवात तो ढोलकीसमोरच बसला. लिलाबाईने नवरदेवाच्या आईची कणगी केली, मामाच्या मिशांचा झाडू केला, आत्याला तर गाढवावर बसवून धुळ्याच्या बाजारात विकून आली. मांडव हसून लोळला. नवरदेवाचा बाप, कौतिकचा थोरला भाऊ शालिग्राम, स्वतःची शिवी ऐकून खुशीत मान डोलवत होता. नवं कडवं सुरू झालं की कौतिक टोपी नीट करून सरसावून बसे. शेवटी त्याचं नाव न येताच ढोलकी थांबली.

तो उठून लिलाबाईजवळ गेला. “अक्का, मी नवरदेवना सख्खा काका शे. बठ्ठासनं नाव लिनं, मन्हं कसं राह्यनं?”



“नवरदेवना बापनीच तुमनाकडे बोट दाखाडीसन सांगं, भाऊ,” लिलाबाई म्हणाली. “‘सोयरासलेच शिव्या द्या. तो मानूस नुसता जेवाले येल शे.’”