डबी कुठे उघडते

माईंचा थोरला मुलगा हल्ली त्यांच्यासमोर आला की तोंडाला कुलूप लावून बसायचा, आणि माईंना ते अजिबात खपत नव्हतं. एरवी प्रयोगशाळेतल्या कामाचं कौतुक सांगताना त्याची जीभ थकायची नाही. "आई, कॅन्सरचं औषध आम्ही पॉलिमरच्या डब्यांत भरतो. डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक डबी. अंगभर फिरते, पण वाटेत कुठे उघडत नाही. थेट गाठीपाशी जाऊनच उघडते."

परवा माईंची धाकटी बहीण फोनवर उगाच हुंदके देत राहिली. मग शेजारीण न मागता फळं ठेवून गेली. आज तर इस्त्रीवालाच म्हणाला, "थोरल्या साहेबांनी सांगितलं, माई. धीर धरा."

माईंनी थोरल्याला पुढ्यात बसवलं. "माझ्या तपासणीत काय निघालं?"

"गाठ आहे," तो कसाबसा म्हणाला. "बरी होणारी आहे. पण तुझ्यापुढे तोंडच उघडेना."



"औषध तू खुशाल बनव," माई म्हणाल्या, "पण डबी माझ्या अंगात सोडायला दुसरं कुणीतरी बघ. तुझी गल्लीभर उघडत जाते, आणि गाठीपाशी आली की घट्ट मिटते."