नव्या गोळीचा त्रास

"ही गोळी आधी तुमच्या घरी कोणाला देऊन पाहिली होती का?"

मैत्रेयीनं गोळ्यांचं पाकीट टेबलावर असं आपटलं की डॉक्टर रत्नप्रभांचा पेन जागीच थांबला. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनी दारातून माना आत वळवल्या. वळवू देत! बारावीतली मुलगी डॉक्टरवर ओरडते, हे यवतमाळनं एकदा पाहायलाच हवं होतं.

"हळू बोल पोरी," शेजारच्या खुर्चीवरून तिची आजी मथुराबाई म्हणाली. "मॅडम हायेत त्या."

"मॅडम आहेत म्हणूनच विचारून राह्यली ना! पानठेल्यावाल्याला विचारू का?"

डॉक्टर रागावल्या नाहीत, आणि मैत्रेयीला त्याचाच जास्त राग आला.

"गोळी नवीन आहे," त्या म्हणाल्या. "मंजुरी मिळून वर्षही झालं नाही. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आजींची साखर तीनशेच्या खाली येत नव्हती. आता बघ, एकशे अठरा."

"साखर उतरली, अन् माणूस पडलं त्याचं काय?"

लोहाऱ्याहून इथवर ऑटोत येताना तिनं ही सगळी वाक्यं पाठ केली होती. तिचे वडील रवी एमआयडीसीत कामावर गेलेले. "रविवारी पाहू," एवढंच म्हणाले होते. रविवारपर्यंत आजीला काही झालं म्हणजे? शेवटी शाळा बुडवून तीच आजीला घेऊन आली. आई पुण्याला नर्सिंगच्या कामावर, म्हणजे घरात मैत्रेयीला आजी आणि आजीला मैत्रेयी. आजीशिवायचं घर तिला डोळ्यांसमोर आणताच येत नव्हतं.

"तुम्ही पाकिटातला तो कागद वाचला का कधी?" तिनं विचारलं. "मुंगीएवढी अक्षरं! मी मोबाइलमध्ये मोठी करून करून आजीला मराठीत समजावलं. मळमळ, चक्कर, उलटी. तिनं दोनदा वाचून घेतलं. वरून विचारते, चक्कर आली का माणूस एकदम पडते, का हळूहळू? किती भ्याली असंल ती!"

मथुराबाईंनी पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"अन् तसंच झालं." मैत्रेयीनं दप्तरातून वही काढली. "सगळं लिहून ठेवलंय मी. सात तारीख, मळमळ. एकवीस तारीख, चक्कर. पाच तारीख, चक्कर आणि उलटी. वाढूनच राह्यलं ना? अन् तुम्ही म्हणता साखर!"

डॉक्टरांनी वही वाचली. मग आजींना झोपवून बीपी घेतला, उभं करून पुन्हा घेतला. डोळे मिटून उभं राहायला लावलं. मथुराबाई सागाच्या खांबासारख्या उभ्या राहिल्या.

"ठीक आहे सगळं," डॉक्टर म्हणाल्या.

"तुमच्यासमोर ठीकच असते ती! तिला वाटते डॉक्टरला वाईट वाटंल." मैत्रेयीचा आवाज चिरकला. "औषध बनवणारे एसीत बसतात, मॅडम. अन् पडते माझी आजी. तुम्ही हे कुठं कळवणार आहात, का नाही?"

"कळवणार. त्याचा फॉर्म असतो." डॉक्टरांनी खणातून खरंच एक कागद काढला. "नव्या औषधाचा त्रास वर कळलाच पाहिजे. तुझं चूक नाही. पण मग गोळी बंद करावी लागेल आणि आजींना रोज इन्सुलिन टोचावं लागेल."

"टोचीन मी! शिकून घेईन."

मथुराबाईंनी चटकन नातीकडे पाहिलं.

"बरं. त्रास सुरू झाला तेव्हा आजी काय करत होत्या?"

"सात तारखेला? काही नाही, बसली होती. बाबांचे ओळखीचे लोक यायचे होते मारेगावहून. बाबांनी त्यांना फोन करून थांबवलं."

"एकवीसला?"

"आम्हीच मारेगावला निघालो होतो, त्यांच्याकडं जेवायला. ही बसस्टँडवरच खाली बसली. परत आलो."

डॉक्टरांचा पेन हळू झाला. "आणि पाच तारखेला?"

"तेव्हा तर ते लोक घरात बसले होते! मी चहा घेऊन बाहेर आली, अन् ही धाडकन पडली. सगळा चहा माझ्या साडीवर. बिचारे घाबरून निघूनच गेले."

"शाळेत जाणारी मुलगी साडीत?"

"बाबा म्हणाले, घरी लोक येतात तर जरा नीट दिस." मैत्रेयीनं हात झटकला. "साडीचं काय घेऊन बसल्या तुम्ही? आजीचं लिहा ना!"

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. दोन वेण्या, शाईचं बोट, रागानं लाल झालेले कान.

"बाहेर काउंटरवरच्या संघदीपकडून आजींची जुनी फाइल घेऊन ये. तिचा नंबर फॉर्मवर लागतो."

"आणते. पण मी येईपर्यंत आजीला फितवू नका." ती दार आपटून गेली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला.

"आजी, खरं सांगा. इन्सुलिन काही गंमत नाही. चक्कर येते का तुम्हाला?"

मथुराबाईंनी दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि खुर्ची पुढं ओढली. आता त्यांच्या आवाजात म्हातारपण नव्हतं. नुसता संताप होता.

"तुमची गोळी चांगली हाय, मॅडम, ती बंद करू नका. फक्त माह्या रव्याले एका चिठ्ठीवर लिहून द्या, का पोरीची बारावी होईपर्यंत तिले पाहाले घरी कोणी आलं, तर बुढी वाचत नाही."