घरात एकच प्लग

केडगावच्या रिक्षा स्टँडसाठी मंजूर झालेलं चार्जिंग स्टेशन शेवटी एका पुढाऱ्याच्या हॉटेलसमोर बसलं, आणि तिथला वॉचमन रिक्षावाल्यांना दारातसुद्धा उभं करीना. मग गोरख आपली बॅटरीवरची रिक्षा घरीच चार्ज करू लागला. अडचण एकच होती. घरात तात्यांचं, म्हणजे त्याच्या आजारी वडिलांचं, ऑक्सिजनचं मशीन चालू असायचं, आणि दोन्ही एकदम लावलं की फ्यूज उडायचा.

काल संध्याकाळी त्यानं शेवगावला दिलेल्या बहिणीला, मंगलला, फोन केला. "ताई, आज रिक्षा ढकलत आनली बघ. बॅटरी पार उतरली. उद्या शाळेची पोरं कशी सोडू?"

"एक दिवस बुडू दे," मंगल म्हणाली. "पन तात्यांचं मशीन काढू नको, बाबा."

सकाळी निरोप आला, तात्या गेले. मंगल मिळेल त्या एसटीनं आली. गोरख तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. "रातभर लाईट न्हवती गं ताई! मशीन बंद पडलं. माझ्या हातात काय हुतं?"

तिनंच पदरानं त्याचे डोळे पुसले आणि लाईटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तेवढ्यात तिरडीचं सामान आणायला निघालेल्या शेजाऱ्यानं अंगणातली गोरखची रिक्षा चालू केली आणि तिथूनच हाक दिली,

"काळजी करू नका ताई, बॅटरी फुल्ल हाय!"